वर्गातला ड्रोन: फरशीवरच्या कासवापासून सतरंजीपर्यंत

ड्रोनचा तास असला की नाशिकमधल्या एका शाळेच्या सभागृहात शिपाईमामा आधी सतरंजी अंथरतात. पंखे बंद, खिडक्या बंद. बसायला मात्र सतरंजी नाही, मुलं भिंतीकडेला उभीच असतात. सभागृहात पांढऱ्या, चकचकीत टाइल्स आहेत. छोट्या ड्रोनच्या पोटाशी खाली बघणारा एक कॅमेरा असतो आणि आपण जागच्या जागी आहोत की सरकतोय हे तो जमिनीवरच्या खुणांवरून ताडतो. टाइल्सवर खूणच नाही, म्हणून पहिल्या दिवशी ड्रोन हळूहळू वाहत स्टेजकडे गेला. तेव्हा एक मुलगा ओरडला, "सर, कन्नी खातोय!" पतंग एका बाजूला कलत गेला की तो कन्नी खातो, आणि संक्रांतीला गच्चीवर जन्म काढलेल्या गावात दुसरा शब्द कुठून सुचणार? सतरंजीच्या पट्ट्यांनी काम भागलं.

या सतरंजीपर्यंतची वाट बरीच लांबून आली आहे. मुलांनी यंत्राला हुकूम सोडायचे आणि त्यातून गणित शिकायचं, ही कल्पना पन्नास वर्षांहून जुनी. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा उभी केली. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, गणिताचे. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षं काम केलेले. मूल स्वतः काहीतरी करून ज्ञान रचतं, हा धडा त्यांनी तिथून उचलला. सुरुवातीची लोगो शब्दांशी आणि वाक्यांशी खेळायची. कासव नंतर आलं, आणि तेही पडद्यावर नव्हे, फरशीवर: वायरीने संगणकाला जोडलेलं, चाकांवर चालणारं, पोटाखालच्या पेनने रेघ ओढणारं. कासव हे नावही उसनं होतं. ब्रिटनमध्ये ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास प्रकाशाकडे सरकणारी छोटी यंत्रं केली होती, त्यांना कासवं म्हणत.

आपल्याकडे लोगो आली तोवर कासवाचा पडद्यावरचा त्रिकोण झाला होता. नव्वदीच्या दशकात संगणक कक्षाबाहेर चपला काढून आत गेलेल्यांना तो आठवत असेल. पन्नास पुढे, नव्वद उजवीकडे, असं चार वेळा केलं की चौकोन. तो नेहमी बिनचूक यायचा, आणि माझ्या मते तिथेच काहीतरी हरवलं. फरशीवरचं कासव धुळीत अडखळायचं, त्याचं चाक घसरायचं. पडद्यावरचं कासव कधीच चुकत नाही. चुकलंच तर चूक आपली.

पुढचा टप्पा ठोकळ्यांचा. २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने स्क्रॅच आणलं, म्हणजे हुकूम टंकण्याऐवजी पडद्यावरचे ठोकळे जोडायची भाषा. टंकलेखनाच्या चुका संपल्या, ठोकळा ठोकळ्यात बसवला की झालं. (त्याच मीडिया लॅबमधले रमेश रासकर नाशिकचे. २०१५ च्या सिंहस्थाआधी त्यांच्या पुढाकाराने कुंभमेळ्याच्या अडचणींवर यंत्रं-तंत्रं शोधायचं कुंभथॉन झालं आणि गर्दी, आरोग्य, वाहतूक यांवर गावातल्या पोरांनी डोकं लढवलं. त्याचा ड्रोनशी थेट संबंध नाही, पण आपल्या गावात बसून यंत्रं करता येतात हा विश्वास तिथून पुष्कळांना मिळाला.)

उडणारं यंत्र वर्गात यायला मात्र मोबाइल स्वस्त व्हावा लागला. चार पंख्यांचं विमान काही नवं नव्हतं. फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंनी १९०७ मध्येच तसं एक जमिनीवरून जेमतेम उचललं होतं. अडचण तोल सांभाळण्याची होती, कारण चार मोटरींचा वेग क्षणाक्षणाला जुळवणं माणसाच्या हाताला जमत नाही. मोबाइलसाठी कल आणि गती ओळखणाऱ्या चिपा ढिगाने बनू लागल्या, तेव्हा ते काम चिमुकल्या संगणकाकडे गेलं. २०१० मध्ये फ्रान्सच्या पॅरट कंपनीने फोनवरून उडणारा एआर ड्रोन दाखवला. शाळांच्या दृष्टीने खरा बदल २०१८ चा: राइझ कंपनीचा टेलो. वजन जेमतेम ८० ग्रॅम, उड्डाण सुमारे १३ मिनिटं, स्क्रॅचवर चालणारा आणि साधे शब्द पाठवले तरी ऐकणारा. 'उड', 'शंभर सेंटिमीटर पुढे', 'नव्वद अंश वळ', म्हणजे तीच कासवाची भाषा, फक्त वर आणि खाली हे दोन हुकूम जास्त. पंधरा सेकंद कोणताच हुकूम आला नाही तर तो आपणहून उतरतो. पुढचा ठोकळा कुठला यावर वाद घालणाऱ्या गटाचा ड्रोन त्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसतो आणि वाद मिटतो.

भारतात त्याच काळात आकाशाला कुलूप होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोनवर बंदीच घातली. डिसेंबर २०१८ पासून नियम लागू झाले, तेही किचकट. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी मोकळीक दिली: २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', आणि तो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. दुसऱ्या बाजूने शाळाही तयार होत होत्या. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबना, म्हणजे शाळेतल्या यंत्रं करून बघायच्या प्रयोगशाळांना, नीती आयोगाकडून २० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगचं नाव घेतलं.

नाशिकचं आकाश मात्र नियम सैल झाले तरी मोकळं झालं नाही, आणि ते साहजिक आहे. ओझरला १९६४ पासून एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कारखाना, मिगपासून सुखोईपर्यंत लढाऊ विमानं तिथे जुळलेली, शेजारी धावपट्टी. गांधीनगरला २००३ पासून लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. ड्रोन कुठे उडवता येतो हे रंगांनी दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा उघडून शाळेचं मैदान कुठल्या रंगात येतं ते बघत बसण्यापेक्षा शिक्षकांनी सरळ सभागृह गाठलं. निफाड-दिंडोरीकडच्या पालकांचा प्रश्न ठरलेला: "यानं फवारणी होते का हो?" दहा लिटरची टाकी उचलणारा ड्रोन आणि हा, यांत बैल आणि चिमणीइतकं अंतर आहे. पण प्रश्न चांगला, कारण त्यावरून वजन आणि बॅटरीचं गणित सुरू करता येतं.

मग ९ फेब्रुवारी २०२२ ला परदेशी ड्रोनची आयात थांबली. तयार यंत्रंही बंद आणि जोडणीचे संचही. सुटे भाग मात्र खुले राहिले. शाळांची तेव्हा कुरकुर झाली, आणि ती रास्तच होती, कारण देशी संच महाग वाटायचे. आमच्याकडच्या पहिल्या संचात तर जादा पाती एकही नव्हती. तरी मला ही अडचण पथ्यावर पडलेली वाटते. टेलो खोक्यातून निघून थेट उडायचा, आता मुलं मोटरी स्वतः लावतात. चारांपैकी दोन उजवीकडे फिरतात, दोन डावीकडे, आणि पातीही तशीच जोडीने वेगळी. एक पातं चुकीच्या मोटरीवर गेलं की ड्रोन उचलताना कलंडतो. न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेली नववीची मुलगी पात्यावरचं अक्षर बघायला विसरते, मग पाच मिनिटं पोरं सतरंजीवर पालथी पडून मोटरी न्याहाळत बसतात.

चौकोनाचं म्हणाल तर तो अजून एकदाही बंद झालेला नाही. शंभर पुढे, नव्वद वळण, चार वेळा, आणि ड्रोन निघाला तिथून वीतभर बाजूला उतरतो. मागच्या आठवड्यात सातवीच्या गटाने प्रत्येक वेळी तो उतरला तिथे खडूने फुली मारली. बारा फुल्या झाल्या, बहुतेक दाराच्या बाजूला. दार किलकिलं होतं. ते लावून पुन्हा उडवायचं ठरलं, पण तोवर तिन्ही बॅटऱ्या संपल्या होत्या.