मायक्रोआरएनए : अल्झायमरचे निदान व उपचार

मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनएचा तुकडा. त्यापासून प्रथिन बनत नाही. उलट संदेशवाहक आरएनएला चिकटून तो इतर प्रथिनांची निर्मिती रोखतो. असा पहिला तुकडा, लिन-४, गोलकृमीत सापडल्याचे १९९३ मध्ये जाहीर झाले. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना त्यासाठी २०२४ चे नोबेल मिळाले.

अल्झायमरमध्ये तीन नावे वारंवार येतात. एमआयआर-२९ (एमआयआर म्हणजे मायक्रोआरएनए) हा गट बीटा-अमायलॉइड बनवणाऱ्या बेस-१ या विकराला आवरतो. तो घटला की बीटा-अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिन, वाढायला वाट मिळते. मेंदूत घटलेला एमआयआर-१३२ टाऊ या अल्झायमरमध्ये चेतापेशींत गुंता करणाऱ्या प्रथिनाशी, तर एमआयआर-१४६ए दाहाशी जोडलेला आहे.

रक्तातून हे मोजता येतात, पण घोळ बहुधा यंत्राआधीच होतो. नमुना जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या नळीत घ्यावा. हेपारिनची हिरवी नळी नको, कारण हेपारिन पीसीआर, म्हणजे मोजणीसाठी रेणूंच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया, अडवते. साधारण दोन तासांत रक्तद्रव वेगळा करून, प्लेटलेट काढण्यासाठी तो सेंट्रिफ्यूजमध्ये पुन्हा फिरवून उणे ८० अंशांवर ठेवावा. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतला एमआयआर-४५१ए रक्तद्रवात उतरतो. एमआयआर-२३ए च्या सीक्यू मूल्यातून (पीसीआरमध्ये रेणू दिसू लागेपर्यंतच्या आवर्तनांची संख्या) ४५१ए चे मूल्य वजा करून ७ पेक्षा जास्त आले, तर नमुना संशयास्पद धरतात. नाशिक जिल्ह्यातल्या पेठहून सावळघाटाचे हिसके खात, एप्रिलच्या उन्हात नाशकात आलेली अख्ख्या रक्ताची नळी म्हणूनच भरवशाची नाही. रक्तद्रव तालुक्यालाच वेगळा करून गोठवून पाठवलेला बरा. प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहीत, त्यामागे अशा हाताळणीचा वाटा मोठा आहे.

नेहमीच्या निदानात ही तपासणी अजून बसलेली नाही. रक्तचाचण्यांत पी-टाऊ २१७, म्हणजे फॉस्फेट जोडलेला टाऊ मोजणारी चाचणी, बरीच पुढे आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विसरभोळेपणा सोडून देणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. तिथे आधी स्मृतिचाचणी, बी-१२, थायरॉइड आणि एमआरआय करावे. मायक्रोआरएनए पॅनेलवर पैसे घालू नयेत.

उपचाराच्या दोन वाटा आहेत: घटलेल्याची कृत्रिम नक्कल देणे किंवा वाढलेल्याला विरोधी साखळीने बांधणे. अडसर रक्त-मेंदू अडथळ्याचा, म्हणजे रक्तातले पदार्थ मेंदूत जाऊ न देणाऱ्या पडद्याचा. शिरेतून दिलेला रेणू मेंदूत फारसा पोचत नाही. शिवाय एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर हात ठेवून असतो. कर्करोगासाठीच्या एमआयआर-३४ए च्या नकलेची चाचणी २०१६ मध्ये प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. अल्झायमरसाठी असे एकही औषध मंजूर नाही.