कातडी लाल नाही झाली म्हणजे कॅन्सरचा शेक (रेडिएशन) लागलाच नाही?
परळला टाटा हॉस्पिटलपाशी सेकंडहँड ऐकलेलं हे ज्ञान ट्रेनमध्ये अजून फिरतंय. ब्रेस्ट कॅन्सरच्या रेडिएशनला आपल्याकडे शेक म्हणतात ना, तिथूनच सगळा घोळ, लोकांना वाटतं भाजलं तरच गुण येणार. तसं काही नसतं ओ! किरण आतल्या टिश्यूसाठी असतात, कातडीवरून ट्रीटमेंटचा रिझल्ट कळत नाही. आणि सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही पटकन, काळपटपणा दिसतो, मग डॉक्टरांनी नुसत्या डोळ्यांनी कातडीच्या त्रासाला ० ते ४ ग्रेड (० म्हणजे काहीच नाही, ४ म्हणजे सगळ्यात जास्त) द्यायची तर दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. म्हणून स्पेक्ट्रोफोटोमीटर, कातडीवर प्रकाश टाकून परत किती आला ते मोजतो, रक्तामुळे आलेली लाली वेगळी, मेलॅनिन म्हणजे कातडीला काळपट रंग देणारं द्रव्य वेगळं, सरळ आकड्यात. पण पहिल्या सिटिंगच्या आधीचं रीडिंग हवंच, नाहीतर तुलना कशाशी करणार? कातडीचा त्रास बहुतेक शेक सुरू झाल्यावर २-३ आठवड्यांनी सुरू होतो, शेक संपल्यावरही थोडे दिवस वाढतो, काखेत नि स्तनाखालच्या घडीत जास्त.