रिलेशनल की ग्राफ डेटाबेस

सॉफ्टवेअर प्रोजेक्टचा डेटा टेबलांत ठेवायचा (रिलेशनल) की नोड, म्हणजे एकेक गोष्ट, आणि त्यांना जोडणाऱ्या एजमध्ये, म्हणजे दुव्यांमध्ये (ग्राफ), याचा निर्णय. बऱ्याच प्रोजेक्टांत तो घेतलाच जात नाही, रिलेशनल धरून चाललेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

आधी नावाचा घोळ. टेबलांमधल्या नात्यांवरून, म्हणजे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) वगैरेवरून ‘रिलेशनल’ नाव पडलं असं खूप जणांना वाटतं, पण तसं नाहीये. आयबीएममधल्या एडगर कॉड यांचा पेपर १९७० चा (कंपनीतला रिपोर्ट १९६९ चा, म्हणून काही जण तेच साल धरतात), त्यात रिलेशन हा शब्द गणितातल्या संच सिद्धांतातून आलाय आणि त्याचा अर्थ ढोबळमानाने एक टेबल. दोन टेबलांमधलं नातं तिथे फक्त जुळणाऱ्या किंमतींमध्ये असतं, जॉइन केला, म्हणजे त्या किंमतींवरून टेबलं जोडली, की उभं राहतं. ग्राफमध्ये एज हीच साठवलेली गोष्ट असते.

ग्राफ डेटाबेसचा उगम कुठून धरायचा यावर मात्र एकमत नाही. चार्ल्स बॅकमन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये जी सिस्टिम बनवली तिच्यात रेकॉर्ड पॉइंटरने (पुढच्या रेकॉर्डच्या थेट पत्त्याने) जोडलेले असत आणि प्रोग्रामर एकावरून दुसऱ्यावर चालत जाई, कोडासिल या समितीचं नेटवर्क मॉडेल त्याच वाटेवरचं, म्हणून ग्राफ डेटाबेस म्हणजे तेच जुनं परत आलं असं काही जण म्हणतात. हे अर्धंच खरं वाटतं. कॉड यांचा आक्षेप होता की डेटापर्यंत जायचे रस्ते बदलले की प्रोग्राम मोडतो, आणि सायफरसारख्या ग्राफ डेटाबेसच्या भाषेत रस्ता लिहायचाच नसतो, फक्त काय कशाला जोडलेलं हवंय ती आकृती सांगायची असते. त्यामुळे १९८० च्या दशकातली ग्राफ मॉडेलं (उदा. कूपर आणि वार्डी, १९८४) हे जवळचे पूर्वज मानणं जास्त पटतं. निओफोरजेसारखी ग्राफ डेटाबेसची प्रॉडक्ट साधारण २००० नंतरची.

आता खरा फरक. ‘ओळख’ नावाचं टेबल घ्या, दोन कॉलम, कोण आणि कोणाला. ओळखीच्याच्या ओळखीच्याची ओळख काढायची तर तेच टेबल तीनदा घेऊन एकमेकांना जोडावं लागतं, आणि प्रत्येकाच्या ५० ओळखी धरल्या तर वाटा होतात १,२५,०००. हा आकडा ग्राफमध्येही तेवढाच राहतो, हे विसरलं जातं! वाचतो तो प्रत्येक पावलाचा खर्च, कारण टेबलाच्या इंडेक्समधला (सूचीमधला) शोध टेबल वाढेल तसा हळूहळू महाग होतो आणि थेट पॉइंटर होत नाही. सगळे ग्राफ डेटाबेस थेट पॉइंटर ठेवतात असंही नाही, जॅनसग्राफ हा ग्राफ डेटाबेस डेटा साठवायला खाली कॅसँड्रासारखा दुसराच डेटाबेस वापरतो. आणि एका नोडला लाखो एज लागल्या की ग्राफ डेटाबेसही अडखळू शकतो.

म्हणून डेटा जाळ्यासारखा दिसतो का, हा निकष फसवा आहे, जाळं सगळ्याच डेटात दिसतं. क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, किती पावलं चालणार हे आधी ठाऊक आहे का ते बघावं. दोन-तीन ठरलेली पावलं, बेरजा, रिपोर्ट, कडक नियम असतील तर टेबलच बरं. पावलं ठाऊक नसली तरी एसक्यूएलमध्ये, म्हणजे टेबलांच्या क्वेरी भाषेत, १९९९ च्या स्टँडर्डपासून रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी) क्वेरी आहे, फक्त तिथे एक सापळा आहे: नुसत्या आयडी गोळा करत युनियन (निकाल एकत्र करणारा शब्द) वापरलं तर दुहेरी ओळी गळतात आणि क्वेरी थांबते, पण सोबत पावलांचा काउंटर कॉलम टाकला की प्रत्येक ओळ वेगळी ठरते आणि डेटात चक्र असेल तर क्वेरी फिरतच राहते, तेव्हा कुठे कुठे जाऊन आलो याची नोंद ठेवावी लागते. अशा क्वेरी रोजच्याच असतील तर ग्राफ घ्यावा.

ग्राफ क्वेरीची जीक्यूएल भाषा एप्रिल २०२४ मध्ये आयएसओ स्टँडर्ड झाली. त्याआधी, २०२३ च्या एसक्यूएलमध्येच टेबलांवर ग्राफची आकृती लिहायची सोय आली, तिला पीजीक्यू म्हणतात.