मुलायम आणि तरीही रेखीव : पोर्ट्रेटमधील सॉफ्ट फोकसची पार्श्वभूमी

पोर्ट्रेट काढणारा छायाचित्रकार एकाच चौकटीत दोन परस्परविरोधी गोष्टी मागत असतो. डोळे, पापण्या, ओठांची कड आणि कपाळावर आलेली केसांची बट रेखीव दिसावी. पण गालावरची रंध्रे, डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्या आणि मेकअपचे थर मात्र नजरेत भरू नयेत. आज हे काम बहुतांशी संगणकावर होत असल्यामुळे ही मागणी डिजिटल काळातच निर्माण झाली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती छायाचित्रणकलेइतकीच जुनी आहे. तिच्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : जे उपाय टिकले, त्यांपैकी जवळजवळ कोणत्याही उपायात फोकस चुकवलेला नव्हता. आत एक तीक्ष्ण प्रतिमा शाबूत ठेवायची आणि तिच्यावर पसरट प्रकाशाचा पातळ थर चढवायचा, हेच त्या सर्वांचे सूत्र होते. यालाच सॉफ्ट फोकस म्हणतात.

लुई डागेर यांची धातूच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवण्याची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्समधून इतका कमी प्रकाश आत येई की माणसाचे चित्र घेणे म्हणजे त्याला कित्येक मिनिटे निश्चल बसवणे होते. व्हिएन्ना विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये खास पोर्ट्रेटसाठी लेन्सची रचना गणिताने सिद्ध केली आणि फोइग्टलेंडर या कंपनीने ती घडवली. तिचे छिद्र, म्हणजे प्रकाश आत येण्याची वाट, एफ/३.६ इतके मोठे होते (हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), म्हणजे आधीच्या लेन्सच्या दहा पटींहून अधिक प्रकाश तिच्यातून येत असे. मध्यभागी ती अत्यंत तीक्ष्ण होती. कडांकडे मात्र तिची प्रतिमा सपाट पत्र्यावर किंवा काचेवर नीट बसत नसे. परिणामी डोळे व नाक स्पष्ट, कान आणि खांदे विरत गेलेले, अशी चित्रे तयार होऊ लागली. हा गुण कोणी मागितलेला नव्हता, गणिताची तडजोड म्हणून तो आपोआप आला होता. पण चेहऱ्याकडे नजर खेचून घेण्याची त्याची ताकद लोकांना लगेच उमगली आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत ही रचना स्टुडिओंतून वापरात राहिली.

याच काळात चित्र ज्यांवर उमटे, त्या रसायन लावलेल्या काचांची एक अडचण लक्षात घेतल्याशिवाय पुढचा भाग समजत नाही. १८५१ नंतर रूढ झालेली ओली कोलोडियन काच केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत असे. त्वचेवरचा लालसरपणा, वांग, तीळ, उन्हाचे डाग या सगळ्यांचा रंग तिला जवळजवळ काळाच वाटे. साध्या नजरेला तजेलदार दिसणारा चेहरा छापील चित्रात डागाळलेला दिसे आणि गिऱ्हाईक नाराज होई. यावर एक उपाय निगेटिव्हवर हाताने काम करण्याचा, म्हणजे रिटचिंगचा होता, दुसरा भिंगातूनच ती तीव्रता कमी करण्याचा. पुढची दीडशे वर्षे हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी चालत राहिले.

दुसऱ्या मार्गावरचे पहिले मोठे नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांचे. त्यांचा जन्म १८१५ मध्ये कोलकात्यात झाला आणि वयाच्या ४८ व्या वर्षी, १८६३ मध्ये, मुलीने भेट दिलेल्या कॅमेऱ्यापासून त्यांनी सुरुवात केली. इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावर राहून त्यांनी खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल, कवी टेनिसन यांच्यासारख्यांचे चेहरे टिपले. त्यांच्या सुरुवातीच्या फ्रेंच लेन्समध्ये वर्णविपथनाचा दोष होता : डोळ्यांना दिसणाऱ्या पिवळसर प्रकाशाचा फोकस एका ठिकाणी आणि काचेवर परिणाम करणाऱ्या निळ्या प्रकाशाचा थोडा वेगळीकडे. शिवाय एकेका चित्रासाठी कित्येक मिनिटांचा काळ लागे आणि तेवढ्यात बसलेली व्यक्ती किंचित हलत असे. समकालीन टीकाकारांनी त्यांना फोकस करता येत नाही असा ठपका ठेवला. कॅमेरन यांची भूमिका अशी होती की कॅमेऱ्याच्या मागच्या धूसर काचेवर पाहताना जिथे प्रतिमा सुंदर वाटते तिथेच थांबावे, लेन्स आणखी फिरवून ती जास्त स्पष्ट करण्याचा हट्ट धरू नये. योग्य फोकस कोणता हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्यांनी १८६४ च्या अखेरीस हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रात थेट विचारला आहे. त्यांची सर्वच चित्रे यशस्वी आहेत असे मी म्हणणार नाही; काही निव्वळ धूसर आहेत. पण १८६७ मधले हर्शेल यांचे पोर्ट्रेट पाहावे : विस्कटलेल्या पांढऱ्या केसांना प्रकाशाची कड आहे, चेहऱ्याचा बराच भाग अंधारात मिसळला आहे, आणि तरीही डोळ्यांतली नजर पाहणाऱ्याला धरून ठेवते.

याच सुमारास काही जण या परिणामाची यांत्रिक उकल शोधत होते. लंडनमध्ये स्टुडिओ चालवणाऱ्या आंत्वान क्लोदे यांनी १८६६ मध्ये असे सुचवले की चित्र घेतले जात असतानाच फोकस थोडा सरकवावा, म्हणजे नाकापासून कानापर्यंत सर्वत्र सारखीच सौम्य स्पष्टता मिळेल. त्याच वर्षी डालमायर कंपनीने अशी पोर्ट्रेट लेन्स बाजारात आणली, जिचा मागचा भाग आट्यांवर किंचित सैल केला की प्रतिमा मऊ होई. दोष दुरुस्त केलेल्या लेन्समध्ये तोच दोष मोजून मापून परत आणण्याची ही सोय होती.

हा दोष म्हणजे गोलीय विपथन. गोलाकार पृष्ठाच्या भिंगात मध्यातून जाणारे किरण एका अंतरावर एकत्र येतात आणि कडेजवळून जाणारे किरण त्याच्या थोडे अलीकडे. फोकस मधल्या किरणांवर ठेवला, तर डोळ्यातल्या प्रकाशबिंदूची एक बारीक, स्पष्ट प्रतिमा काचेवर उमटते आणि कडेच्या किरणांमुळे तिच्याभोवती फिकट वलय पसरते. फोकस चुकला की बिंदूची चकती होते आणि आतला स्पष्ट गाभा नाहीसा होतो. गोलीय विपथनात गाभा राहतो. या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भेद मला हाच वाटतो. छिद्र लहान केले की कडेचे किरण अडतात आणि वलय विरळ होत जाते, म्हणून अशा लेन्समध्ये मऊपणाची मात्रा छिद्राने ठरते. छिद्र बदलले की स्पष्टतेची जागाही थोडी सरकते, त्यामुळे जाणकार छायाचित्रकार ज्या छिद्रावर चित्र घ्यायचे, त्याच छिद्रावर फोकस करीत.

१८८९ मध्ये ब्रिटिश छायाचित्रकार पीटर हेन्री इमर्सन यांनी मुख्य विषय स्पष्ट आणि बाकीचे किंचित सौम्य ठेवावे असा आग्रह मांडला आणि त्यातून वाद पेटला. १८९२ मध्ये लंडनमध्ये लिंक्ड रिंग आणि १९०२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांची फोटो-सेसेशन, या संस्थांभोवती जमलेल्या चित्रवादी छायाचित्रकारांना छायाचित्र ही कला म्हणून सिद्ध करायची होती, आणि त्यासाठी मऊ प्रतिमा त्यांना जवळची वाटली. त्यांच्या मागणीवरून बॉस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथ या चष्मे-भिंगांच्या दुकानाने विपथन मुद्दाम राखलेल्या लेन्स हाताने घडवून दिल्या.

या प्रवाहातला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला उपाय ऑस्ट्रियातील छायाचित्रकार हाइनरिश क्यून यांच्याशी जोडलेला आहे. त्यांच्या कल्पनेवरून आकाराला आलेली इमागॉन ही लेन्स रोडेनस्टॉक कंपनीने १९३० च्या सुमारास बाजारात आणली. तिच्यात नेहमीच्या छिद्राऐवजी चाळणीसारखी तबकडी बसवावी लागते : मध्ये एक मोठे भोक आणि त्याभोवती लहान भोकांची माळ. मोठ्या भोकातून येणारे किरण रेखीव प्रतिमा घडवतात, लहान भोकांतून येणारे किरण तिच्यावर मऊ थर चढवतात, आणि तबकडी फिरवून लहान भोके हवी तेवढी झाकता येतात. १९३५ मध्ये लाइट्झ कंपनीने आणलेली ९० मिलिमीटरची थांबार नेमकी उलट्या बाजूने जाते. तिच्यासोबत मध्यभागी अपारदर्शक ठिपका असलेली काच मिळत असे. हा ठिपका मधले किरण अडवतो, म्हणजे कडेच्या किरणांचा वाटा वाढतो आणि मऊपणाही. माझ्या मते चेहऱ्यासाठी क्यून यांचा मार्ग अधिक भरवशाचा आहे, कारण तो गाभ्याला धक्का लावत नाही. या लेन्सना प्रकाशही वेगळा लागतो. सपाट प्रकाशात त्यांचे चित्र मळकट दिसते; बाजूने येणारा ठसठशीत प्रकाश असेल तरच वलयाला उठाव येतो.

हॉलिवूडने हे तंत्र याआधीच आपलेसे केले होते. १९१९ च्या सुमारास लिलियन गिशच्या निकटदृश्यांसाठी हेंड्रिक सार्टोव्ह यांची सौम्य लेन्स प्रसिद्ध झाली. लेन्सपुढे रेशमी जाळी ताणणे, काचेला व्हॅसलिन लावणे हेही सर्रास चाले. मग वारे उलटे फिरले. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अँसल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एफ/६४ हा गट स्थापन करून नखशिखान्त स्पष्टतेचा पुरस्कार केला. ग्लॅमर पोर्ट्रेटमध्येही जॉर्ज हरेल यांनी मऊ लेन्स बाजूला ठेवली, तीक्ष्ण भिंगाने मोठ्या निगेटिव्हवर चित्र घेतले आणि त्वचेचा नितळपणा नंतर रिटचिंगने मिळवला. पहिला मार्ग, म्हणजे हाताचे काम, इथे पुन्हा पुढे आला.

हे हाताचे काम आपल्याकडच्या स्टुडिओंनाही परिचित होते. निगेटिव्ह तिरक्या पाटीवर ठेवायची, खालच्या आरशाने तिच्यातून उजेड पाठवायचा, पेन्सिलचे शिसे धरावे म्हणून पृष्ठावर पातळ लेप द्यायचा आणि सुईसारखे टोक केलेल्या कडक पेन्सिलीने बारीक स्वल्पविरामांसारख्या रेघा भरत डाग व सुरकुत्यांच्या जागा आजूबाजूच्या घनतेशी जुळवायच्या. निगेटिव्हवर फिकट दिसणारी जागा भरली की कागदावर ती उजळते. कसबी कारागीर डोळ्यांना, पापण्यांना आणि ओठांच्या कडेला हात लावत नसे. मुलायम आणि रेखीव यांची सीमा तो भिंगाऐवजी पेन्सिलीने आखत होता. पुढे रंगीत फिल्मच्या काळात गौतम राजाध्यक्ष यांनी कलावंतांची जी पोर्ट्रेटे काढली, त्यांतही नितळ त्वचा आणि बोलके, रेखीव डोळे हा मेळ दिसतो.

डार्करूममध्ये एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठे चित्र छापणाऱ्या यंत्राखाली, जाळी धरूनही मऊपणा आणता येई, पण त्याचा परिणाम वेगळा असे. कॅमेऱ्यात उजळ भाग गडद भागावर पसरतात आणि चेहऱ्याभोवती तेज येते; निगेटिव्हवरून छापताना गडद भाग उजळ भागावर पसरतात आणि चित्र उदास होते. हा फरक न कळल्यामुळे अनेकांचे प्रयोग फसत.

१९७० नंतर मऊपणाची मात्रा लेन्समध्येच बदलण्याची सोय ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांसाठीही आली. मिनोल्टाची ८५ मिलिमीटरची व्हॅरिसॉफ्ट आणि कॅननची १३५ मिलिमीटरची सॉफ्टफोकस यांत लेन्सवरचे कडे फिरवून मात्रा ठरवता येई. झाइसच्या सॉफ्टार फिल्टरच्या काचेवर सूक्ष्म भिंगांसारखे उंचवटे असतात : उंचवट्यांमधल्या सपाट जागेतून तीक्ष्ण प्रतिमा, उंचवट्यांतून पसरट प्रतिमा. क्यून यांचीच कल्पना इथे फिल्टरच्या रूपात आली. मिनोल्टाची १९९९ मधली एसटीएफ लेन्स मात्र या कुळातली नाही. ती केवळ फोकसबाहेरची पार्श्वभूमी मऊ करते, चेहऱ्याला तसाच तीक्ष्ण ठेवते. खरेदी करताना या दोन प्रकारांची गल्लत होते, म्हणून हा उल्लेख.

संगणकावर आज वापरली जाणारी पद्धतही याच विचाराची आहे. चित्राचे दोन थर केले जातात, एकात रंग व छायेचे सावकाश बदल आणि दुसऱ्यात बारीक तपशील. पहिला थर गुळगुळीत करून दुसरा शाबूत ठेवला की त्वचा नितळ होते आणि पापण्या रेखीव राहतात. दुसरा थरही पुसला, तर चेहरा मेणाचा दिसतो. तरीही अतिशय तीक्ष्ण डिजिटल लेन्सपुढे डिफ्यूजन (प्रकाश पसरवणारा) फिल्टर लावणारे छायाचित्रकार पुष्कळ आहेत, आणि त्याला कारण आहे. केसांवरची चमक किंवा खिडकीचा उजेड सेन्सरच्या मर्यादेपलीकडे गेला की त्याची खरी तीव्रता फाइलमध्ये नोंदलीच जात नाही, त्यामुळे तिच्याभोवतीचे वलय नंतर अंदाजाने काढावे लागते. फिल्टर तो प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच पसरवतो, म्हणून वलय प्रत्यक्ष तीव्रतेच्या प्रमाणात उमटते.