स्टीफन क्रेन कधीच सैनिक नव्हता

परभणीच्या एका वाचनालयात अमेरिकेतील यादवी युद्धावरच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला, तेव्हा ‘द रेड बॅज ऑफ करेज’ ही कादंबरी अमेरिकन लेखक स्टीफन क्रेनने रणांगणावरील स्वानुभवातून लिहिली, असे खात्रीने सांगण्यात आले. हा समज जुना आहे, पण खरा नाही. युद्ध १८६५ मध्ये संपले, क्रेनचा जन्म १८७१ चा, आणि १८९५ मध्ये पुस्तक आले तोवर त्याने एकही लढाई पाहिलेली नव्हती. त्याने वाचले होते ते जुन्या सैनिकांचे नियतकालिकांतील लेख; त्यांत हालचालींचा तपशील भरपूर, पण मनात काय चालले होते ते नाही, ही त्याची तक्रार होती.

ते मन त्याने ‘द व्हेटरन’ या १८९६ च्या कथेत पुन्हा उघडले. त्या कादंबरीचा नायक हेन्री फ्लेमिंग, आता म्हातारा, दुकानात बसून, आपण पहिल्या लढाईत भिऊन पळालो होतो, असे मोकळेपणाने सांगतो आणि नातवाचा चेहरा उतरतो. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या आठवणी आजोबांच्या तोंडून ऐकलेल्यांना ती शांतता ओळखता येईल. पुढे हाच म्हातारा शिंगरांसाठी जळत्या गोठ्यात शिरतो आणि छप्पर कोसळते.