वसंतातील वादळी प्रणाली आणि टॉर्नेडो

अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत, म्हणजे टेक्सासपासून ओक्लाहोमा, कॅन्सस व नेब्रास्कापर्यंतच्या सपाट पट्ट्यात, वसंत ऋतूत तीव्र गडगडाटी वादळे आणि टॉर्नेडो, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचणारे हवेचे वेगवान भोवरे, वारंवार होतात. याचे मूळ तेथील भूरचनेत आहे. दक्षिणेला मेक्सिकोच्या आखाताचे उबदार पाणी आहे, पश्चिमेला रॉकी पर्वत आणि नैर्ऋत्येला कोरडी, उंच पठारे आहेत. उत्तरेकडून येणाऱ्या थंड हवेला अडवणारी एकही आडवी पर्वतरांग मात्र नाही.

वसंतात जमीन तापू लागलेली असते, तरी जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचा पट्टा, अजून या प्रदेशावर जोरदार वाहत असतो. त्यातील द्रोणी, म्हणजे दक्षिणेकडे झुकलेले कमी दाबाचे वळण, रॉकी पर्वत ओलांडू लागली की पर्वताच्या पूर्वेस, बहुधा कोलोरॅडोच्या आसपास, कमी दाबाचे केंद्र तयार होते. त्याच्या पूर्वेकडील वारे आखातावरची दमट हवा उत्तरेकडे ओढून आणतात, तर मागच्या बाजूने थंड हवा दक्षिणेकडे घुसते. दमट हवा आणि पठारांवरची कोरडी हवा यांच्यातील सीमेला शुष्क रेषा म्हणतात. ती ओलांडताना काही किलोमीटरांतच दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान) १० अंश सेल्सिअसने किंवा त्याहूनही अधिक उतरू शकतो.

पठारांवर तापलेली हवा पूर्वेकडे वाहत येऊन दमट थराच्या वर पसरते आणि त्यावर झाकणासारखी बसते. हे झाकण वादळाला अडवते, तरीही तीव्र वादळांसाठी तेच फार महत्त्वाचे ठरते. ते नसते तर सकाळपासूनच ठिकठिकाणी लहानसहान ढग वाढून हवेतील ऊर्जा खर्ची पडली असती. झाकणाखाली ती दिवसभर साठत राहते आणि दुपार कलताना, शुष्क रेषेजवळ मोजक्या ठिकाणी झाकण फुटले की, फुलकोबीसारख्या कडा असलेला ढग तासाभरात १२ किलोमीटरांहून उंच चढतो. काही दिवशी ते फुटतच नाही. बाकी सर्व घटक जुळलेले असूनही आकाश निरभ्र राहते.

जमिनीलगत आग्नेयेचा वारा आणि पाच-सहा किलोमीटर उंचीवर नैर्ऋत्येचा वा पश्चिमेचा वेगवान वारा, या तफावतीमुळे हवेत आडव्या अक्षाभोवती भ्रमण निर्माण होते. वादळाचा ऊर्ध्वप्रवाह, म्हणजे वर चढणारा हवेचा झोत, ते उचलून उभे करतो आणि काही किलोमीटर रुंदीचा फिरता स्तंभ तयार होतो. अशा वादळाला सुपरसेल म्हणतात. हीच तफावत पावसाला ऊर्ध्वप्रवाहापासून दूर नेते, त्यामुळे वादळ स्वतःच्या पावसाने गुदमरत नाही आणि तासन्‌तास टिकते.

बहुतेक सुपरसेलांतून टॉर्नेडो होत नाही. वादळाच्या मागच्या बाजूने खाली येणारी हवा फार थंड असेल तर ती जड होऊन जमिनीलगत पसरते. ती तुलनेने उबदार असेल तर ऊर्ध्वप्रवाह तिला पुन्हा वर खेचतो, भोवरा ताणला जाऊन अरुंद होतो आणि त्याचा वेग झपाट्याने वाढतो.

२५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या अधिकाऱ्यांनी टॉर्नेडोचा पहिला यशस्वी अंदाज वर्तवला. पाचच दिवसांपूर्वी त्याच तळावर टॉर्नेडो आदळला होता. एकाच प्रणालीची ताकद किती असू शकते हे ३ व ४ एप्रिल १९७४ रोजी दिसले. तेव्हा १३ राज्यांत १४८ टॉर्नेडो झाले.

प्रणाली पूर्वेकडे सरकताना शीत आघाडीच्या, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेच्या सीमेच्या, पुढे वादळांची सलग रांग तयार होते. मिसिसिपी व अलाबामात ती अनेकदा रात्री पोहोचते. तेथे झाडीमुळे आणि काळोखामुळे येणारा टॉर्नेडो दिसत नाही, लोक झोपेत असतात, आणि म्हणून रात्रीचे टॉर्नेडो अधिक प्राणघातक ठरतात.