शिक्षा झालेल्याला धंदा करता येत नाही?

‘जेलमध्ये बीकॉम करून काय उपयोग? एकदा शिक्षा लागली की माणसाच्या नावावर धंदाच होत नाही.’ हर्सूल कारागृहाच्या भेटीच्या रांगेपासून बीडच्या पारापर्यंत हे ठामपणे सांगितलं जातं. ते चुकीचं आहे.

वाणिज्याच्या पहिल्याच धड्यात एकल मालकी (एकाच माणसाच्या मालकीचा धंदा), भागीदारी आणि कंपनी असे धंद्याचे प्रकार शिकवतात. गैरसमजाचं मूळ यातल्या शेवटच्या प्रकारात आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 164 नुसार सहा महिने किंवा त्याहून जास्त कैद झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं कंपनीचा संचालक, म्हणजे तिचा कारभार बघणारा, होता येत नाही. शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असेल तर कधीच नाही. पण ही बंदी फक्त संचालकपदाला आहे. शेअर घ्यायला हरकत नाही, आणि एकल मालकीला तर हे कलम लागूच होत नाही.

पैठणच्या खुल्या कारागृहात शेती केलेला माणूस सुटल्यावर जालन्यात मोसंबीचा व्यापार स्वतःच्या नावानं करू शकतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. तिला आधार आणि पॅन लागतं. विसापेक्षा कमी कामगार असतील तर दुकानाची कामगार विभागाला नुसती सूचना द्यायची.

दारू, शस्त्रं यांच्या परवान्यांची गोष्ट मात्र वेगळी, तिथे पूर्वेतिहास बघतात. आणि बँकेचा साहेब कर्जाला नाक मुरडेल, हेही खरं. पण नाक मुरडणं म्हणजे कायदा नव्हे.